शिनोलकरणीचा उपास

मित्रांनो, मी वारूळवाडीच्या साळुबाईंच्या घरचं एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकायला बांबूच्या कामट्यांचं विणतात ना, ते. उपडं घातलं की मी घर, उताणं केलं की पाटी, आणि नुसतं पडून राहिलं की अडगळ. हे सगळं मी भोगलं आहे. पण रडगाणं गाणाऱ्यांतला मी नाही. आज मी माझ्या विजयाची गोष्ट सांगणार आहे, कान देऊन ऐका.

नारायणगावच्या बाजारात एका बुरूड मावशीने मला विणलं. साळुबाईंनी मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्या कोंबड्या सांभाळल्या. मुंगूस येऊन नखं मारून गेलं, बोक्याने धडका दिल्या, पण आतल्या पिलाला धक्का लागला नाही. "आमच्या डालग्यापुढं मुंगसाचा बाप हात टेकंल," असं साळुबाई शेजारणींना सांगायच्या आणि माझी छाती फुगायची.

पुढे त्यांच्या मुलाने, गोरखने, टोमॅटोचं पीक धरलं. अंगणात प्लॅस्टिकची क्रेट आली. कोंबड्या क्रेटखाली गेल्या आणि माझी रवानगी कांद्याच्या चाळीमागे झाली. तिथे उंदरांनी मला कुरतडून दोन बोटं जातील एवढं भोक पाडलं. कुणी विचारपूस केली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या उन्हाळ्यात टोमॅटोचा बाग मोडला. झाडं बांधायच्या सुतळीचे तुकडे बांबूंबरोबर अंगणभर आले. आणि त्याच सुमारास शिनोलकरीण आजारी पडली.

शिनोलकरीण म्हणजे ठिपक्यांची कोंबडी. शिनोली हे साळुबाईंचं माहेर. भावाने वानोळा म्हणून दिलेली ती कोंबडी, तेव्हा तिचा तोराही माहेरवाशिणीचा. ती आता पिसं फुगवून, डोळे मिटून बसू लागली. तुरा काळवंडला.

"मानमोडी दिसतीय," गोरख म्हणाला. "बाकीच्यास्नी लागायच्या आत उरकायला पायजे. रविवारी कुंडलिकला बोलवतो."

कुंडलिक म्हणजे गोरखचा चुलतभाऊ. कोंबडी कापायची म्हटलं की न जेवता निघणारा माणूस. साळुबाईंचे डोळे भरून आले. "माज्या भावाचा वानोळा हाय त्यो. त्याला काय तोंड दावू मी?"

"रविवारपत्तुर बरी झाली तर ऱ्हाऊ दे," गोरख नरमला.

तिला वेगळी, वाऱ्याला ठेवायची होती. साळुबाईंची सून प्रतिभा मला शोधत चाळीमागे आली. तिने मला झटकलं, उन्हात वाळवलं आणि शेवग्याखाली मांडलं. आत शिनोलकरीण! मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा कामावर रुजू झालो.

औषधपाणी साळुबाईंनी हातात घेतलं. या घरात जावयाला, वासराला आणि तापाने फणफणलेल्या पोराला एकच औषध: खाऊ घालणं. त्यांनी तुपात कुस्करलेली भाकरी लसूण घालून कोंबडीला भरवली. "खाल्ल्याबिगर अंगात काय येनार?" कोंबडी मात्र आणखीच मलूल झाली.

प्रतिभा रोज सकाळी मला उचलून तिला मांडीवर घ्यायची. कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रीतून रिकामी होते. हिची सकाळीही टणक लागत होती. प्रतिभाने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बरंच काही विचारलं आणि सांगितलं, "मानमोडी वाटत नाही, पिशवी तुंबलीय. खाणं बंद करा. थोडं पाणी द्या, गोड्या तेलाचे चार थेंब पाजा आणि हलक्या हाताने चोळा."

"उपास?" साळुबाई कडाडल्या. "आजाऱ्याला उपाशी ठिवून मारतीस व्हय गं?"

दुपारी प्रतिभा रानात गेली आणि साळुबाई हळूच माझ्यापाशी आल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच भोकातून भाकरीचा तुकडा आत सारला. "खा गं माजी बाय." त्या मायेच्या माणसावर मला असा राग आला! ओरडायला तोंड नव्हतं. जिची राखण करायची, तिचा घात माझ्याच भोकातून होत होता.

संध्याकाळी प्रतिभाला भाकरीचा चुरा दिसला. ती भांडली नाही. तिने कोंबडी घेतली आणि सासूचा हात धरून त्या पिशवीवर ठेवला. "आत्या, तुमीच बघा."

साळुबाई चाचपत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बया! मी घातल्यालं समदं हितंच हाय की!"

झालं! त्यांनी जुन्या लुगड्याचा बोळा करून माझं भोक बुजवलं आणि पाट टाकून शेजारी ठाण मांडलं. आता दाणा घेऊन कुणी फिरकायची सोय नव्हती. गोरख जवळून गेला तरी "हात दाव," म्हणायच्या. सासू धरायची, सून तेल लावून चोळायची. हळूहळू पिशवी मऊ पडली. मग कोंबडीने मान ताणली, खोकली, आणि चोचीत एक टोक दिसलं. डॉक्टरांना पुन्हा विचारून, जराही न ओढता, सैल येईल तसतसं प्रतिभाने ते बाहेर घेतलं. गवताचा गोळा गुंडाळलेली टोमॅटोची सुतळी!

साळुबाईंनी ती गोरखच्या नाकासमोर धरली. "ही बघ तुजी मानमोडी!"

रविवारी कुंडलिक मसाला आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन हजर झाला. ओट्यावर पिशवी ठेवून म्हणाला, "कुठाय पेशंट?"

प्रतिभाने मला उचललं. शिनोलकरीण ताठ मानेने बाहेर आली, पंख झाडले, टुणकन ओट्यावर चढली आणि त्याच्याच कोथिंबिरीचे शेंडे टिपू लागली. स्वतःच्याच रश्शासाठी आणलेली कोथिंबीर!

"कुंडलिक," साळुबाई हसत हसत डोळे पुसत म्हणाल्या, "आज तूच तिचा पावना झालास रं. च्या पिऊन जा."

गोरखने त्याच दिवशी अंगणातली सुतळी वेचून काढली. तुम्हीही दोरीचा तुकडा दिसला तर वाकून उचला, मित्रांनो. आणि घरात कुणी आजारी असलं, माणूस असो की कोंबडी, तर माया जरूर करा. फक्त घास भरवण्याआधी एकदा हात लावून बघा, त्याला कुठे दुखतं आहे.