बारावी पिढी

"या दोन बशा शेजारी ठेवून फोटो काढा, ज्यांगबाई. डावीकडची औषध न दिलेली, उजवीकडची दिलेली."

ज्यांग सुछिननं झाकणं पाहिली. डावीकडच्या पेशी बाराव्या पिढीच्या, म्हणजे बारा वेळा बशी बदललेल्या; उजवीकडच्या चौथ्या. नानजिंगच्या या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी वाढवत होती. तरुण पेशी सडपातळ असतात, इमानानं आकुंचन पावतात. एका बशीतून दुसरीत फार वेळा हलवल्या, की काम विसरतात, फुगतात आणि नुसती संख्या वाढवत बसतात. रोगट रक्तवाहिनीतही हेच होतं. फोटो मागणाऱ्या प्राध्यापक थानचंही हेच झालंय, असं तिचं स्वच्छ मत होतं. कित्येक वर्षांत या गृहस्थानं बशीला बोट लावलं नव्हतं, शोधनिबंध मात्र महिन्याला एक. आयत्या बिळावर नागोबा.

"सर, डावीकडच्या म्हाताऱ्या आहेत. त्या बिघडलेल्याच दिसणार."

"वाचणाऱ्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

थान हसला. "आपलं औषध डानशेनच्या मुळांचंच. ती मुळं माझी आजीसुद्धा छातीत दुखलं की उकळून प्यायची. गुण येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपण फक्त फोटो द्यायचा. नोंदवहीत तुमची सही झाली की तुमच्या करारावर माझी होईल. शुक्रवारी संपतोय ना?"

सुछिननं फोटो काढला नाही. एकाच कुपीतल्या ताज्या पेशी तिनं दोन बशांत घातल्या, दोन्हींना बिघडवणारं द्रव्य दिलं, मुळांचा अर्क एकीतच घातला. तीन दिवसांनी दोन्ही सारख्याच बिघडल्या होत्या. तोच फोटो तिनं वहीत चिकटवला, खाली पिढी लिहिली आणि सही केली.

थाननं वही चाळली. "शेहेचाळिसाव्या वर्षी कोण ठेवून घेणार तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग हा शहाणपणा कशाला?"

"तुम्हाला नाही समजायचं, सर. राहू द्या."

शुक्रवारी करार संपला, नवा आला नाही. दुपारनंतर सगळे एकेक करून सटकले. थान तर तिची नजर चुकवून जिन्यानं गेला. पुढे दोन दिवस सुट्टी होती आणि पेशींवरचं पोषणद्रव्य शिळं झालं होतं. सुछिननं हातमोजे चढवले, बशा ठेवायचं उबदार कपाट उघडलं आणि चाळीसही बशांमधलं द्रव्य बदललं. सोमवारी त्या कुणाच्या हाती लागतील, तिला माहीत नव्हतं. शेवटच्या झाकणावर तिनं तारीख घातली आणि कपाटाचं दार हलक्या हातानं लावलं.