रुळाच्या तुकड्याची हाक

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. लांबी जेमतेम दोन हात. मनमाड-दौंड मार्गावरचे झिजलेले रूळ बदलले, तेव्हा मला कापून बाजूला टाकले. तेथून बैलगाडीने मी नेवाशाजवळच्या प्रवरेकाठच्या एका लहान गावी आलो आणि मिशनच्या शाळेपुढच्या कडुलिंबाला टांगला गेलो.

हन्नाबाई त्या शाळेच्या शिक्षिका. त्या मला हातोडीने ठोकत. शाळा भरली की मी वाजे, प्रार्थनेला वाजे, गावची बैठक असली तरी मीच. माझा आवाज पार नदीपलीकडे जातो म्हणून सारे कौतुक करत. पण तो प्रत्येक कामाला सारखाच असतो, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

१९४३ च्या वैशाखात, भर दुपारी, शाळेसमोरच रतनबाईच्या छपराने पेट घेतला. हन्नाबाईंनी मला जीव तोडून बडवले. शेतात काम करणाऱ्या कानिफनाथाने मान वर केली आणि तो म्हणाला, "बैठक आसंल. जाऊ सावकाश."

जे आले ते रिकाम्या हातांनी आले. भिमाजी पाटील ओरडले, "छप्पर वढा!" दुसरा कुणी ओरडला, "आदी पानी आना!" अर्धे इकडे धावले, अर्धे तिकडे. पाणी आले ते छप्पर ओढणाऱ्यांच्याच अंगावर पडले. तेवढ्यात रतनबाई विहिरीवरून धावत आली.

"मामंजी कुठं हायेत?"

तिचे सासरे कारभारीबाबा. त्यांची दृष्टी गेलेली होती. एकजण शेजारच्याला म्हणाला,

"मला वाटलं, तुमी काढलं."

"आन् मला वाटलं, पाटलांनी."

कारभारीबाबा आतच होते.

कारभारीबाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी गाव लिंबाखाली जमले. कुणी पाटलांना बोल लावला, कुणी हन्नाबाईंना. हन्नाबाई उभ्या राहिल्या. "मी शाळेसारखीच घंटा दिली. आग आहे हे लोकांना कळावं कसं? माझं चुकलं ते मी सांगितलं. आता तुम्ही सांगा."

मग कानिफनाथ म्हणाला, "मी चालत आलो. पळालो न्हाई."

त्यानंतर एकेक जण बोलू लागला. ठरले ते असे: संकटाला दोन-दोन ठोके, न थांबता. ऐकणाऱ्याने भांडे किंवा दोर घेऊनच निघायचे. आणि हुकूम एकाचाच. सगळ्यांनी पाटलांकडे पाहिले. पाटील खाली बघत म्हणाले, "मी त्या दिशी घाबरलो हुतो. पुंजारामला द्या. मेंढरं हाकून त्याचा आवाज लई मोठा झालाय, आन् डोकंबी थंड हाय."

रतनबाई मागे बसली होती. ती म्हणाली, "मान्सं मोजायचं काम मला द्या."

दर रविवारी सराव होई. पहिल्या खेपेला लोक कळशा घेऊन एकमेकांवर आदळले आणि हसू आवरेना. रतनबाई तेवढी हसली नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात प्रवरेला पूर आला. पाणी सकाळीच गावात शिरू लागले. मी दोन-दोन वाजत राहिलो. पुंजारामच्या एका हाकेसरशी गाव माळावर चढले. रतनबाईने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजले.

"एकशे बारा. एक कमी हाय."

"आसंल मागं कुटंतरी. यील," कुणी म्हणाले.

"आसंल न्हाई. कोन ऱ्हायलं ते सांगा."

तेव्हा कळले, म्हातारी मनकर्णा तापाने घरात पडून होती. पुंजारामने दोघांची नावे घेतली आणि बाकीच्यांना जागीच थांबवले. कानिफनाथ आणि भिमाजी पाटील कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यातून गेले आणि तिला उचलून घेऊन आले. दुपारी तिच्या घराची भिंत वाहून गेली. रतनबाई मनकर्णेचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. तशी बसल्या बसल्याच तिने पुन्हा सगळे गाव मोजले.

मित्रांनो, आता शाळेला विजेची घंटा आहे आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात गंजत पडलो आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. विनंती एवढीच आहे. तुमच्या शाळेत संकटाची घंटा कशी वाजते, ती वाजली की कुणी काय करायचे, हे आजच गुरुजींना विचारा. आणि कधी गर्दीत उभे असताना, आतल्या माणसाला कुणीतरी बाहेर काढलेच असेल असे मनात आले, तर मनात ठेवू नका. मोठ्याने विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.