थ्योदब्योर्गची उमेदवारी

इल्वाच्या मुलीला दोन महिने उलटून गेले तरी नाव नव्हतं, आणि त्यात गावात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बारशाच्या दिवशी पाद्रीबाई विचारतील तेव्हाच नाव पहिल्यांदा उच्चारायचं, तोवर आईबापांनी तोंडाला कुलूप लावायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही, ही रीतच होती. तोवर ती नुसती बाळी.

विचारायला बंदी असली की माणसं विचारत नाहीत, मतं देतात. मतं द्यायची जागा म्हणजे पोहण्याच्या तलावाशेजारचा गरम पाण्याचा हौद. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, डोक्यावर हिमाची भुरभुर झेलायची आणि गावातल्या झाडून सगळ्या नावांना नावं ठेवायची. कुणाच्या नातवाचं नाव वारा, कुणाच्या नातीचं पहाट. बंदरावरचा ह्याल्ती म्हणाला की हल्लीचे लोक नावं ठेवत नाहीत, हवामानाचा अंदाज सांगतात. त्यावर कुणीतरी जुन्या नावांची बाजू घेतली, तर ह्याल्तीने तीही धुऊन काढली. म्हणे जुनी नावं तरी काय, थ्योदब्योर्ग म्हणून हाक मारून होईपर्यंत पोर रस्ता ओलांडून पलीकडे जाईल.

हौद हसला. मग एकदम गप्प झाला, कारण कोपऱ्यात इल्वाची आई, ओद्नी बसली होती आणि थ्योदब्योर्ग हे तिच्या आईचं नाव.

“खरंय,” ओद्नी म्हणाली. “म्हणून माझ्या आईला कुणी हाक मारायचं नाही. तीच दुसऱ्यांना मारायची, आणि एकदाच.”

सगळे पुन्हा हसले. ओद्नीही हसली, पण घरी जाताना तिला चुटपुट लागून राहिली. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ते नाव लावणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. होतं ते दफनभूमीतल्या दगडावर, आणि तो दगड अर्धं वर्ष बर्फाखाली. ते नाव नातीला मिळावं असं ओद्नीला फार वाटे. पण लेकीकडे तोंड उघडून मागणं तिच्या स्वभावात नव्हतं, रीतीतही नव्हतं.

रीतीतली वाट एकच होती. गेलेलं माणूस घरातल्या कुणाच्या तरी स्वप्नात येतं आणि पोटातल्या बाळासाठी आपलं नाव पुढे करतं. अशा पाहुण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे इल्वा गरोदर असताना ओद्नी रोज सकाळी फोन करून झोप कशी लागली म्हणून विचारायची. इल्वाला दगडासारखी झोप लागायची. शेवटी ओद्नीने स्वतः आईची लोकरी शाल उशाला घेऊन पाहिली. स्वप्न पडलं, पण त्यात ती दुकानासमोर गाडी कुठे लावली ते शोधत होती.

मग बाळी झाली, आणि एक दिवस इल्वाच्या घरी विहीणबाई आल्या. वाल्दिस. कॉफीचा पहिला घोट घेतला न घेतला तोच तिने जाहीर केलं की तिची फ्रिदसेम्द मावशी स्वप्नात आली होती, आणि कशासाठी ते वेगळं सांगायला नको.

ओद्नीच्या तोंडून निघून गेलं, “माझ्याकडेही आई आली होती.”

आता बोललंच आहे तर पूर्ण करणं भाग होतं. मग तिने आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, हातात कप दिला, आणि तिच्या तोंडी घातलं की नाव देता येईल का, फार अडचण नसेल तर. इल्वाचा नवरा स्नायवार म्हणाला की वा, रांगच लागली की. इल्वाने आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि बाळीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

त्या दिवसापासून ओद्नीला घास गोड लागेना. जिवंत माणसांशी खोटं बोलणं एक वेळ चालतं, पण मेलेल्यांच्या नावावर? आणि आई तर जिवंतपणीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

बारशाच्या सकाळी ती लेकीच्या स्वयंपाकघरात पातळ गोड धिरडी घालत होती. इल्वा शेजारी बसून त्यांवर साखर भुरभुरत होती.

“ते स्वप्न,” ओद्नी तव्याकडेच बघत म्हणाली, “मला पडलंच नव्हतं.”

“माहीत आहे.”

“कसं काय?”

“फार अडचण नसेल तर, असं म्हणाली ना ती? आजीने आयुष्यात कुणाची अडचण विचारलीय?” इल्वाने धिरड्याची गुंडाळी केली. “तव्यावरचं जळतंय, आई.”

ओद्नीने ते काढलं. मग म्हणाली, “मला तिचं नाव घरात पुन्हा ऐकायचं होतं. बाकी काही नाही. पण तू तुला हवं ते ठेव. पोरीला उद्या शाळेत जायचंय.”

बोटाला लागलेली साखर चाटत इल्वा कपडे करायला निघून गेली. ओद्नीने ओळखलं की झालं, संपलं. एका अर्थी तिला हलकंच वाटलं.

दुपारी दारात पाहुण्यांच्या बुटांचा ढीग पडला. ह्याल्तीसुद्धा इस्त्रीचा सदरा घालून आला. पाद्रीबाईंनी काचेच्या वाडग्यातल्या पाण्यावर हात ठेवला आणि मुलीचं नाव विचारलं.

“थ्योदब्योर्ग,” इल्वा म्हणाली. स्पष्ट, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं.

ओद्नीला पुढची प्रार्थना काही ऐकू आली नाही. वाल्दिसने आपला रुमाल तिच्या हातात कोंबला तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय.

कॉफी ओतताना तिने लेकीला गाठलं. इल्वा म्हणाली की त्यांचं दुसरंच ठरलं होतं, ते सकाळी बदललं. स्नायवारला टाय बांधता बांधता सांगितलं, तर तो म्हणाला की पोरगी रागावते तेव्हा आजीसारखीच दिसते.

“पण मी तर खोटं बोलले होते.”

“स्वप्नात येऊन मागणाऱ्यांचं सगळेच ऐकतात,” इल्वा म्हणाली. “तू जागेपणी मागितलंस.”

आता विहिणीचं काय, म्हणून ओद्नी धिरड्यांची थाळी घेऊन वाल्दिसपाशी गेली आणि फ्रिदसेम्द मावशीबद्दल वाईट वाटतं म्हणाली.

“वाटून घेऊ नकोस,” वाल्दिस धिरडं उचलत म्हणाली. “मला तरी कुठे दिसली होती? फार खाष्ट बाई. पण तू तुझ्या आईला पुढे करणार हे दिसतच होतं. मग मी काय नुसती कॉफी प्यायला आले होते?”

दोघी इतक्या हसल्या की झोपलेली बाळी दचकून उठली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. ओद्नीने तिला उचललं, छातीशी धरलं आणि थोपटायला लागली.

“उगी, बोग्गा, उगी. उगी गं माझी बोग्गुली.”

इल्वा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई, हे काय? त्या नावासाठी इतका खटाटोप, आणि तासाभरात त्याचं बोग्गा केलंस?”

“एवढंसं तर बाळ आहे,” ओद्नी थोपटायचं न थांबवता म्हणाली. “पूर्ण नाव रागवायला लागेल तेव्हा काढू.”