हाकेला कोण उठतं

सकाळपासून मी एका प्रोग्रामशी डोकेफोड करत होते. सुरू होताना तो एक लायब्ररी, म्हणजे कोडची वेगळी फाइल, सोबत उचलतो. त्या फाइलमधली चूक मी दुरुस्त केली होती, तरी तो जुन्याच जागी कोसळत होता. तपासायला ब्रेकपॉइंट, म्हणजे 'या ओळीवर थांब' अशी खूण, लावला, तर प्रोग्राम ओळीओळीने चालवून दाखवणारा डीबगर तिथे थांबायचं नाव घेईना. माझ्या दुरुस्तीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

शेवटी वैतागून मी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, जरा चहा टाका."

नवरा आलाच नाही. दारातल्या खुर्चीवरून सासरे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाईही त्यांना 'अहो'च म्हणतात. नाव एकच, आणि वाटेत आधी ते लागतात.

मी मुकाट्याने डीबगरला विचारलं, लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून उचललीस. मागच्या वर्षीच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी प्रत पडली होती. प्रोग्राम आधी तिथे जायचा आणि ती सापडली की पुढे बघायचाच नाही. मी ती उडवली. पुढच्या खेपेला डीबगर हव्या त्या ओळीवर थांबला.

एवढ्यात नवरा बाहेर आला. "सुटलं का?"

"सुटलं. जुनं ध्यान वाटेतच बसलं होतं. नाव तेच, म्हणून प्रत्येक हाकेला तेच उठायचं. काढून टाकलं एकदाचं."

सासऱ्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, दारातली खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन मांडली.