अरुणाताईंचं नाक

"ब्याऐंशी," अरुणाताईंनी तिसऱ्या नमुन्याचे गुण वाचले, आणि टेबलापलीकडे ऋचाने पटकन स्वतःच्या कागदावर काहीतरी खोडलं.

"माझे त्र्याऐंशी," ती म्हणाली. "ऑलमोस्ट सेम."

इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमधल्या या कंपनीत अरुणाताई बावीस वर्षं कॉफी चाखत होत्या. कपावर जमलेला थर चमच्याने मोडायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, फुर्रकन घोट ओढायचा, थुंकायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. कपांवर नुसते नंबर. पंचाऐंशीच्या वरची कॉफी मळ्याच्या नावानिशी विकली जाते, खालची कुठल्यातरी स्वस्त मिश्रणात बेवारशी जाते. ऋचाला हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं, आणि तेही वेळोवेळी चांगलं फैलावर घेऊन.

आता खरी गोष्ट. मार्चमधल्या तापात बाईंचं नाक गेलं होतं. जिभेला आंबट, गोड, कडू कळे, बाकी शुकशुकाट. येईल परत, येईल परत करत आठ महिने त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, घरी डॉक्टर नवऱ्याला, शशिकांतरावांनासुद्धा नाही. निभावलं ते ऋचाच्या भुवईवर. कॉफी आवडली की तिची डावी भुवई वर जाई. आज नेमकी ती खिडकीकडे तोंड करून चाखत होती, म्हणून बाईंनी अंदाजपंचे ब्याऐंशी ठोकून दिले.

त्यांनी यादी उलटून पाहिली. तिसरा नमुना जोसलीनचा होता.

जोसलीन बाहेर सोफ्यावर बसली होती. रियुनियन बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावर तिचा मळा. लागोपाठ दोन वर्षं वादळाने पीक झोपवलं होतं, आणि यंदाच्या दाण्यांची पिशवी ती स्वतः घेऊन आली होती. हीही कॉफी नापास झाली तर झाडं उपटून ऊस लावीन, असं तिने सकाळी हसत हसत सांगितलं होतं. त्या हसण्यात काही दम नव्हता.

"खोडलंस ते काय होतं?" अरुणाताईंनी विचारलं.

"काही नाही हो. मीच जरा ओव्हर-जनरस झाले होते."

"कागद दे इकडे."

खाडाखोडीखाली एकोणनव्वद होते.

"एकोणनव्वदचे त्र्याऐंशी केलेस?"

"तुम्ही ब्याऐंशी म्हणालात ना. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं का?"

इंग्रज पोरगी असती तर आपले गुण धरून कडाकडा भांडली असती. ऋचा पुण्याची, मोठ्यांचा शब्द मोडणं तिच्या जिवावर येई. गप्प बसलं तर सगळं झाकलेलं राहणार होतं. अरुणाताईंना भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली. बाहेरच्या सोफ्यावरची बाई ऊस लावणार होती, तो यांच्या मेलेल्या नाकापायी.

"मला वास येत नाही, ऋचा. मार्चपासून."

"म्हणजे, थोडा कमी येतो?"

"काहीच नाही. कपात रॉकेल असतं तरी मी गुण दिले असते."

"मग इतके महिने तुम्ही..."

"तुझी भुवई बघत होते."

ऋचाचा हात आपोआप भुवईकडे गेला. तिला रडू येत होतं, पण बाईंनी त्याला वेळच दिला नाही. "पुन्हा चाख. माझ्याकडे बघायचं नाही."

ऋचाने त्या नमुन्याचे पाचही कप पुन्हा चाखले. थुंकली. पाणी प्याली. "एकोणनव्वद," ती म्हणाली. गुण तेच होते.

"सही तुझी कर. आणि पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघून खोडलंस तर याद राख."

निकाल कळताच जोसलीन आत आली ती थेट अरुणाताईंच्या गळ्यातच पडली. त्यांनी तिला हळूच सोडवलं आणि ऋचाकडे वळवलं. "हिने चाखली," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मॅनेजरला सांगितलं. माणूस चांगला, ओरडला नाही. आठ महिन्यांचे सगळे नमुने ऋचाकडून पुन्हा चाखून घ्यायचे ठरले, आणि सोमवारपासून अरुणाताईंनी जहाजांची कागदपत्रं बघायची. संध्याकाळी त्यांनी शशिकांतरावांनाही सांगून टाकलं. ते बराच वेळ त्यांचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणाताईंनी लसणाची फोडणी केली. चाखणाऱ्या माणसाने कामावर जाण्याआधी लसणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं, त्यामुळे बावीस वर्षं या घरात सकाळी फोडणी झाली नव्हती. त्या कढईवर वाकून लसणाचा रंग बघत होत्या.

"वा, काय खमंग वास सुटलाय," जिन्यातून शशिकांतराव म्हणाले आणि एकदम गप्प झाले.

"थांबलात का?" त्यांनी गॅस बारीक केला. "कसा सुटलाय, सांगा ना."

"कसा म्हणजे... लसणाचा."

"एवढ्याने नाही भागायचं," अरुणाताई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी कढईपाशी जागा करून बाजूला सरकल्या. "इथे या. नीट वास घ्या, आणि सावकाश सांगा."