पोळ्याच्या दिवशी मी अडलो

मित्रांनो, मी एक म्हातारा बैल आहे. माझे नाव बांड्या. तुम्ही एकमेकांना खुशाल 'बैलोबा' म्हणता, त्याचा मला राग येतो. माझे डोके कसे चालते ते आधी ऐका.

शिरपूरच्या बाजारातून कौतिकआबांनी मला आणले. त्यांच्या कपाशीच्या शेतात मी दहा वर्षे औत ओढले. गावात माझ्या आणि माझ्या जोडीदार हरण्याच्या जोडीचा मान पहिला. पोळ्याला नाल्याच्या डोहात आम्ही उतरल्याशिवाय दुसरी जोडी पाण्यात जायची नाही. त्या मानाचा मला भारी गर्व होता.

नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. तिथले तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे पाणी हौदात साठवून, चुना टाकून त्याचा जोर मोडायचा आणि मगच हौदाची चावी खोलून ते नाल्यात सोडायचे असे. ते काम आबांच्या पुतण्याकडे, लोटनकडे होते.

एकोणनव्वद सालचा तो पोळा. पावसाने ओढ दिली होती आणि नाला जेमतेम वाहत होता. चाळीस जोड्या आमच्या मागे उभ्या होत्या. डोहाशी येताच माझ्या नाकात झणका बसला, डोळ्यांतून पाणी आले. डोह दिसायला नेहमीसारखाच गढूळ होता. मी चारही पाय रोवले.

"चाल ना रे बांड्या! बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं," आबा कासावीस होऊन म्हणाले. सगळे गाव आमच्याकडे पाहत होते.

एरवी पाठीत चाबूक बसला असता आणि मी मुकाट्याने उतरलो असतो. पण पोळ्याला बैलावर हात उचलत नाहीत. वर्षातून तेवढा एक दिवस माझ्या 'नाही'ला किंमत होती.

मागच्या जोडीचा मालक भाईदास हसला. "आबा, तुमना बैल म्हातारा व्हई गया! आमले उतरू द्या."

गर्दीत लोटन उभा होता. तो कोणाकडेच बघत नव्हता, नुसता पायाने माती उकरत होता. त्याला काहीतरी माहीत आहे, हे मला कळले. पण बैलाने विचारायचे कसे? मी हंबरलो. लोक आणखी हसले.

आबांना ते हसू सहन झाले नाही. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचले आणि कासरा ओढत ते स्वतःच पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.

"आबा, बाहेर निंघा!" लोटन किंचाळला. "तेजाबनं पानी शे ते! सकायले मीच चावी खोली दिधी!"

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांची कातडी लाल झाली होती. भाईदासने विहिरीच्या पाण्याच्या घागरींवर घागरी ओतल्या.

"कसाले खोली रे?" आबांनी विचारले.

"हौद भरी गया व्हता. मुकादम बोलना, सणनं कोन देखस? सांगतू तं काम जातं, आबा." लोटन रडत होता.

त्या दिवशी एकही बैल पाण्यात उतरला नाही. गाव कारखान्यावर गेले. लोटनने सगळ्यांसमोर खरे सांगितले आणि त्याचे काम गेले. पुढे कारखान्याला दुसरा हौद बांधावा लागला. आबांच्या पायांवर मात्र फोड आले आणि त्यांच्या जखमा वर्षभर चिघळत राहिल्या. ते पुन्हा औतामागे चालू शकले नाहीत.

आता माझ्यामागे लोटन चालतो. त्याच्या हातात चाबूक नसतो. मी थांबलो की तोही थांबतो.

मित्रांनो, विषारी पाणी कुठे सोडले आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर लगेच सांगा. मला बोलता येत नव्हते. लोटनला येत होते, आणि तो बोलेपर्यंत आबा पाण्यात उतरले होते.