मामाच्या हातचं कापड

मी आयुष्यात लई भांडलो. बांधावरनं, पाण्यावरनं, ग्रामपंचायतीत. हौशीराम तापट हाय, हे शिनोलीपासून घोडेगावपर्यंत सगळ्यांना ठावं. पण त्या दिवशी जे झालं त्याला काय म्हणावं, हे मला आजतागायत कळलं न्हाई.

कारगिलच्या सालातली गोष्ट. माझ्या बहिणीचा, मंगलचा, एकुलता एक लेक सावळेराम तिकडं लढाईत कामी आला. बाप लवकर वारला, म्हणून पोरगं दहावीपर्यंत माझ्याच घरी वाढलं. आमच्यात मामानं कोरं कापड घातल्याबिगर मयताला आग देत न्हाईत. वापरलेलं चालत न्हाई. मी घोडेगावात पाच वार पांढरं कापड घेतलं आन मंगलच्या सासरी, शिनोलीला पोचलो.

गर्दी बघून डोकंच चालंना. जीपा, पुढारी, माईक, झेंडे घेतलेली शाळेची पोरं. ज्यांनी सावळ्याचं तोंडबी बघितलं नव्हतं, ते त्याच्या नावानं घसा फोडत व्हते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या पोरासाठी आख्खा तालुका लोटला व्हता.

पेटी नदीकाठी ठेवली व्हती, वर तिरंगा. मी पुढं झालो, कापड उलगडलं आन तिरंग्यावरच पांघरलं. अंगावर जे असंल त्याच्यावरनंच घालतो आमी. त्यात काय वावगं हाय, हे माझ्या डोक्यातबी आलं न्हाई.

माईकवर बोलणारा पुढारी तरातरा माझ्याकडं आला. पुढाऱ्यानं कापड ओढून माझ्या अंगावर फेकलं. झेंडा झाकतोस का, म्हणाला. मी म्हणालो, भाच्याला पांघरतोय. तेवढ्यात मागनं कुणीतरी देशद्रोही म्हणून वरडलं. मग दहा जण वरडले, मग शंभर. आता काय बोलावं! मी पुण्याच्या पल्याड कधी गेलो न्हाई, आन मला म्हणत व्हते पाकिस्तानात जा. वळून बघतो तर त्यात भिका. दरसाल माझ्या खाचरात भात लावायला येणारा भिका, मूठ वर करून वरडत व्हता.

मी मंगलकडं बघितलं. म्हटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलंल. ती मान खाली घालून म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ दे. त्यो आता आपला न्हाई राहिला."

मस्तकच फिरलं राव. सख्खी बहीण असं बोलली! आपला न्हाई तर न्हाई. कापडाचा बोळा केला आन दिला नदीत भिरकावून. पाणी लई व्हतं, बघता बघता दिसंनासं झालं. मंगलची मान अजून खालीच व्हती.

मग बंदुकांची सलामी झाली. एक सुभेदार पुढं आला, त्यानं जवानांकडनं तिरंग्याची नीट घडी करून घेतली आन ती मंगलच्या हातात दिली. झेंडा चितेवर ठेवत न्हाईत, घरच्यांना देतात, हे मला तवा कळलं. पोराला सरणावर ठेवलं. सुभेदार हिंदीत हळूच म्हणाला, तुमची काही रीत असंल तर आता करून घ्या. ना पुढारी आडवा आला, ना भिका.

मंगल ती घडी छातीशी धरून माझ्यापाशी आली.

"दादा," ती म्हणाली, "घाल की तुझं कापड."